बाहेरची वाट बंद करताना: प्रॉक्सी अलाउलिस्टच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून काम अधिकृतपणे हातात घेतलं. उद्दिष्ट सांगायला सोपं आहे: खासगी सबनेटमधल्या (नेटवर्कच्या आतल्या तुकड्यातल्या) कुठल्याही सर्व्हरने इंटरनेटवर थेट जायचं नाही. जायचंच असेल तर प्रॉक्सी नावाच्या मध्यस्थ सर्व्हरमधून, आणि प्रॉक्सी यादीत (अलाउलिस्टमध्ये) नाव असेल तरच सोडणार.

सध्या आत येण्याच्या दाराला चार कुलपं आहेत आणि बाहेर जायचं दार सताड उघडं. यात फक्त आमचा आळस नाही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर नवा सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरभोवतीच्या फायरवॉल नियमांचा संच) बनवला की आत यायला कुणालाच परवानगी नसते, बाहेर जायला मात्र सगळीकडे मोकळीक असते. गूगल क्लाउडच्या नेटवर्कमध्येही बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकला मुभा देणारा रूल मुळातच गृहीत धरलेला असतो. डीफॉल्टला कोणी हात लावत नाही, त्यामुळे नॅट गेटवेमधून (खासगी सर्व्हरना बाहेर नेणाऱ्या दारातून) वाटेल ते वाटेल तिकडे जातं.

निमित्त जुनंच, लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचं. डिसेंबर २०२१ मधल्या त्या त्रुटीत आपला सर्व्हर स्वतःच्या पायाने हल्लेखोराच्या मशीनकडे जाऊन तिथला कोड घेऊन यायचा. ज्यांची बाहेरची वाट बंद होती त्यांच्याकडे हा दुसरा टप्पा दारातच अडला. तेव्हा आम्ही रात्रभर जागून लायब्ररी बदलल्या आणि सकाळी ठरवलं की हे करायला हवं. त्याला तीन वर्षं झाली.

साधन स्क्विड, हा प्रॉक्सीचा प्रोग्राम. क्लाउडचा तयार नेटवर्क फायरवॉल घ्यावा असं एक मत होतं, आणि चालवायला तो खरंच सोपा आहे. पण तो टीएलएसच्या (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनच्या) पहिल्या पाकिटात लिहिलेलं नाव वाचून निर्णय घेतो. ते नाव लिहिणारा क्लायंटच असतो. क्लायंटची नियत बिघडलेली असेल तर तो यादीतलं नाव लिहून पाकीट भलत्याच आयपीवर पाठवू शकतो. प्रॉक्सीला क्लायंट फक्त नाव सांगतो आणि पत्ता प्रॉक्सी स्वतः शोधते, त्यामुळे नाव एक आणि पत्ता दुसरा ही चलाखी चालत नाही. या एका मुद्द्यावर निर्णय झाला.

५ फेब्रुवारी, बुधवार

कोण कुठे जातंय हे आधी कळायला हवं. फ्लो लॉगमध्ये फक्त आयपी मिळतात, आणि त्यातले निम्मे कुठल्या ना कुठल्या सीडीएनचे (अनेक साइट्सचा मजकूर वाटणाऱ्या सेवेचे). एकाच आयपीमागे हजारो साइट्स असतात, त्यावरून काय कळणार? डीएनएस रिझॉल्व्हरचे (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सर्व्हरचे) क्वेरी लॉग चालू केले, तिथे नावं दिसतात. अंमलबजावणी सुरू होईपर्यंत ते गोळा करायचे असं ठरलं.

पहिल्या दिवसाची यादी स्क्रोल करून बोट दुखलं. त्यात दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या मॉनिटरिंग सेवेचं नाव अजून दर मिनिटाला विचारलं जातंय.

१० फेब्रुवारी, सोमवार

शीट बनवलं. रकाने पाच: नाव, कुठली सर्व्हिस, कशासाठी, जबाबदार व्यक्ती, पुन्हा तपासायची तारीख. जबाबदार व्यक्तीचा रकाना रिकामा असेल तर ओळ यादीत जाणार नाही, एवढा एकच नियम. त्यावरून आजच्या बैठकीत बराच आवाज झाला.

यादीत नाव हवं असणारे लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. आधी विचारतात, “हे सगळ्यांना लागू होणार का?” मग “आमच्या सर्व्हिसला जरा वेगळी गरज आहे.” शेवटी समजतं की त्यांना आख्ख्या डोमेनसाठी वाइल्डकार्ड हवंय, कारण नक्की कुठली उपनावं लागतात ते त्यांनाही ठाऊक नाही. मी त्यांना क्वेरी लॉग काढून दाखवतो. बहुतेक वेळा दोन-तीन नावांवर भागतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्क्विडची कॉन्फिग लिहिली. स्वतःसाठी टिपून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी हे विसरलेलो असेन.

डीएसटीडोमेन (कुठल्या डोमेनकडे जायचंय) प्रकारच्या एसीएलमध्ये, म्हणजे परवानगीच्या यादीत, नावापुढे टिंब दिलं की ते डोमेन आणि त्याखालची सगळी उपनावं लागू होतात. टिंब नसेल तर तेवढं एकच नाव. एकाच एसीएलमध्ये टिंबवालं डोमेन आणि त्याचंच उपनाव अशी दोन्ही आली तर आमच्या आवृत्तीत स्क्विड तक्रार करून सुरूच होत नाही. यादी शीटवरून आपोआप बनते, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. आज दुपारी झालं. आता यादी बदलली की आधी ‘स्क्विड -के पार्स’ चालतं, ते पास झालं तरच ‘रीकॉन्फिगर’.

रूल वरून खाली वाचले जातात, पहिला जुळला तो लागू. एकही जुळला नाही तर स्क्विड शेवटच्या रूलच्या उलट वागतं. म्हणजे शेवटची ओळ ‘अलाउ’ असेल तर उरलेल्यांना नकार, आणि ‘डिनाय’ असेल तर उरलेल्यांना मुभा. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय. शेवटी ‘डिनाय ऑल’ स्वतःच्या हाताने लिहिलेलं बरं.

आणखी एक खाच आहे. क्लायंटने नावाऐवजी थेट आयपी दिला आणि तो कुठे जुळला नाही, तर डीएसटीडोमेन त्या आयपीचा उलटा डीएनएस शोध घेऊन मिळालेलं नाव यादीशी ताडून बघतं. पण उलट्या शोधात काय नाव यावं हे आयपीचा मालक ठरवतो! हल्लेखोराने आपल्या आयपीला आमच्या यादीतलं नाव लावून ठेवलं तर दार उघडलंच. एसीएलला ‘-एन’ जोडलं की हा उलटा शोध बंद होतो. जोडलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चाचणीच्या नेटवर्कमध्ये सगळे सर्व्हर प्रॉक्सीकडे वळवले. अजून अडवत काही नाही, सगळ्यांना सोडतो आणि फक्त लॉग लिहितो.

एचटीटीपी_प्रॉक्सी आणि एचटीटीपीएस_प्रॉक्सी हे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंग) लावले की झालं, असं प्रकल्पाच्या आराखड्यात मीच लिहिलं होतं. प्रत्यक्षात जितके प्रोग्राम तितक्या तऱ्हा. कर्ल एचटीटीपी_प्रॉक्सी फक्त लहान लिपीत लिहिलेलं मानतं, मोठ्या लिपीतलं मुद्दाम दुर्लक्षितं. कारण सीजीआयमध्ये (वेब सर्व्हरने प्रोग्राम चालवायची जुनी पद्धत) विनंतीच्या हेडरपासून त्याच नावाचं व्हेरिएबल तयार होऊ शकतं. २०१६ मध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ म्हणून गाजलेली त्रुटी याच जातीची. जावा ही व्हेरिएबल्स बघतच नाही, तिला प्रॉक्सी होस्ट सिस्टिम प्रॉपर्टीतून द्यावा लागतो, आणि अपवादांची यादी स्वल्पविरामाऐवजी उभ्या रेघेने तोडावी लागते. सुडो आपल्या वाटेत आलेलं एन्व्हायर्नमेंट झटकून टाकतं, म्हणून ‘सुडो एपीटी अपडेट’ अडकलं. एपीटीला त्याच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये प्रॉक्सी सांगितली. डॉकरच्या कंटेनरला सांगितलेलं डॉकरच्या डीमनला कळत नाही, त्याला सिस्टिमडीमधून वेगळं सांगायचं.

नो_प्रॉक्सीची, म्हणजे कुठे प्रॉक्सीशिवाय जायचं त्या यादीची, कथा निराळी. त्यात १०.०.०.०/८ असा पट्टा लिहिला तर गो आणि पायथनच्या रिक्वेस्ट्सला कळतो. कर्लला आवृत्ती ७.८६ पासून कळायला लागला, आमच्या निम्म्या इमेजमधलं कर्ल त्याहून जुनं. डब्ल्यूगेटला तर कळतच नाही. म्हणून पट्टे सोडून आतल्या डोमेनचा प्रत्यय लिहिला आणि आतल्या सर्व्हिस आयपीने हाक मारत असतील तर त्यांना नावाने हाक मारायला लावलं. हे तसंही आधीच व्हायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज अंगावर काटा आला.

एका चाचणी सर्व्हरवरचा एजंट भलत्याच रोलच्या (मशीनला दिलेल्या अधिकारांच्या संचाच्या) नावाने लॉग पाठवत होता. आधी वाटलं लेबल चुकलंय. मग रोलचं नाव नीट वाचलं तर तो आमच्या प्रॉक्सी सर्व्हरचा रोल निघाला. चाचणी सर्व्हरकडे प्रॉक्सीची क्रेडेन्शियल्स, म्हणजे ओळख पटवणाऱ्या किल्ल्या!

झालं ते असं. १६९.२५४.१६९.२५४ हा मेटाडेटा सेवेचा पत्ता, जिथून प्रत्येक मशीन आपापली तात्पुरती क्रेडेन्शियल्स घेतं, नो_प्रॉक्सीमध्ये घालायचा राहून गेला होता. एजंटने तो पत्ता प्रॉक्सीकडे मागितला. प्रॉक्सीने इमानेइतबारे तो आणून दिला, फक्त स्वतःच्या मशीनवरून. हा पत्ता लिंक-लोकल असल्यामुळे जो विचारेल त्याला त्याचंच उत्तर मिळतं, आणि इथे विचारणारी प्रॉक्सी होती.

२०१९ च्या नोव्हेंबरात आलेल्या मेटाडेटाच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर तोडगा आहे. आधी पुट विनंती करून टोकन घ्यावं लागतं, आणि त्या विनंतीत ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हेडर असेल तर टोकन नाकारलं जातं. स्क्विड हा हेडर आपणहून जोडतं, म्हणजे ही वाट बंदच व्हायला हवी होती. लॉग बघितला: टोकनची विनंती नाकारली गेली होती. मग एजंटची लायब्ररी निमूटपणे पहिल्या आवृत्तीकडे वळली, आणि आमच्या प्रॉक्सीच्या इमेजवर पहिली आवृत्ती चालू होती. सुरक्षेसाठी उभ्या केलेल्या मशीनवरच.

संध्याकाळपर्यंत केलं ते: पहिली आवृत्ती सगळीकडे बंद. स्क्विडमध्ये बाकी सगळ्या रूलच्या वर १६९.२५४.०.०/१६, लूपबॅक आणि सगळे खासगी पट्टे यांना नकार, नाहीतर हीच प्रॉक्सी एका सबनेटमधून दुसऱ्यात उडी मारायची पायरी होईल. प्रॉक्सीच्या रोलमधून लॉग लिहिण्याखेरीज सगळे अधिकार काढले. नो_प्रॉक्सी दुरुस्त करणं सगळ्यात शेवटी, कारण तो क्लायंटच्या शहाणपणावर अवलंबून आहे.

यादी लागू असती तर हे घडलं नसतं, असं एक जण म्हणाला. खरं आहे. पण उद्या कोणी यादीच्या चाचणीसाठी पाच मिनिटं ‘अलाउ ऑल’ करेल, तेव्हा काय?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आता चाचणीत यादी लागू. लॉगमध्ये ‘टीसीपी_डिनाइड/४०३’ शोधत बसायचं, हाच दिवस.

बरीच नावं अर्धवट निघाली. पायपीआयचं (पायथन पॅकेजच्या भांडाराचं) नाव यादीत होतं, पण तिथे फक्त अनुक्रमणिका असते. पॅकेजच्या फाइली ‘पायथनहोस्टेड’ या वेगळ्या डोमेनवरून येतात. डॉकर हबला रजिस्ट्री एका नावावर, लॉगिन दुसऱ्या आणि लेअर तिसऱ्या. गिटहबच्या रिलीजची फाइल मागितली की विनंती ‘गिटहबयूझरकंटेंट’कडे वळवली जाते.

नावं जोडता जोडता थांबलो. चालू सर्व्हरला पायपीआय मुळात हवंय कशाला? पॅकेज बिल्डच्या वेळी यायला हवीत, सर्व्हरवर नव्हे. आणि पायपीआय किंवा गिटहब यादीत घातलं म्हणजे त्यावर खातं उघडणाऱ्या कुणालाही आपण वाट दिली. गिटहब उघडं असेल तर चोरलेली फाइल चोराच्या रिपॉझिटरीत ढकलायलाही तेच नाव पुरतं. म्हणून यादीचे तुकडे केले: स्रोत सबनेटप्रमाणे वेगळ्या याद्या. बिल्डच्या सबनेटला पॅकेजचे आतले मिरर (बाहेरच्या भांडाराची आपल्याकडची प्रत), आणि फक्त मिररना बाहेरची नावं. चालू सर्व्हरच्या यादीतून ही नावं पुसली. यादी एकदम आटोक्यात आली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

यादीत एक ओळ पहिल्या दिवसापासून होती, जिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं: टिंब, अ‍ॅमेझॉनएडब्ल्यूएस, टिंब, कॉम. आपल्याच क्लाउडचं नाव, म्हणून कोणी जबाबदार व्यक्तीही विचारली नव्हती. मीही नाही.

माझ्या वेगळ्या चाचणी खात्यात एस३ या अ‍ॅमेझॉनच्या फाइल साठवण्याच्या सेवेत एक बकेट (फाइलींचा डबा) बनवली, त्या खात्याची चावी चालू सर्व्हरसारख्याच मशीनवर ठेवली आणि एक फाइल वर चढवली. गेली. लॉगमध्ये ‘टीसीपी_टनेल/२००’ आणि एस३ चं नाव. रोजच्या शेकडो ओळींत अगदी मिसळून जाणारी ओळ.

एचटीटीपीएससाठी क्लायंट प्रॉक्सीला जी कनेक्ट विनंती करतो, त्या विनंतीत फक्त नाव आणि पोर्ट दिसतं, आतला मार्ग नाही. बकेटचं नाव डोमेनमध्ये असेल तर निदान ते तरी कळतं; मार्गात असेल तर आमची बकेट आणि चोराची बकेट प्रॉक्सीला सारखीच.

उपाय प्रॉक्सीबाहेरचा. एस३ साठी गेटवे एंडपॉइंट (इंटरनेटवर न जाता सेवेपर्यंत पोहोचायची वाट) घेतला, त्याला वेगळं शुल्क नाही. त्याच्या पॉलिसीत अट घातली की समोरची बकेट आमच्याच खात्याची असली पाहिजे. एस३ ची नावं नो_प्रॉक्सीत, आणि ती वाइल्डकार्डची ओळ यादीतून बाहेर. बाकीच्या ज्या सेवा खरंच लागतात त्यांची नावं एकेक करून लिहिली.

दुपारी ३ वाजता कंटेनर इमेज येईनात. ईसीआरच्या (अ‍ॅमेझॉनच्या इमेज भांडाराच्या) इमेजचे लेअर अ‍ॅमेझॉनच्याच मालकीच्या एस३ बकेटमधून येतात, ती आमच्या खात्याची नाही, म्हणून पॉलिसीने बरोबर अडवलं. अ‍ॅमेझॉन लिनक्सच्या पॅकेज रिपॉझिटरीचंही तसंच. त्या बकेट्सना फक्त वाचायची परवानगी देऊन टाकली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

प्रत्यक्ष चालू नेटवर्कमध्ये यादी लागू केली. काही झालं नाही. संशय आला.

१ मार्च, शनिवार

पहाटे फोन. महिनाअखेरचा अहवाल भागीदार कंपनीला पोहोचला नाही. चूक दिसत होती ती अशी: “जेसन वाचता येत नाही, पहिल्याच अक्षरावर अडचण.” दोन तास आम्ही त्यांच्या एपीआयचा फॉरमॅट बदलला का ते शोधत होतो, त्यांच्या माणसालाही उठवलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

त्यांचा पत्ता साधा एचटीटीपी आहे (२०२५ मध्ये, तो वेगळाच विषय). एचटीटीपीएस असतं तर कनेक्टलाच ४०३ मिळून चूक स्वच्छ दिसली असती. साध्या एचटीटीपीत स्क्विडने आपलं नकाराचं एचटीएमएल पान परत दिलं आणि आमच्या प्रोग्रामने स्टेटस कोड न बघता ते जेसन समजून वाचायला घेतलं. पहिलं अक्षर ‘<’.

नावं गोळा केली ५ ते २५ फेब्रुवारी या काळात. महिनाअखेर त्यात आलाच नाही. क्वेरी लॉगवरून यादी बनवताना लॉगमध्ये जे दिसत नाही ते असतंच, हे मला सुचायला हवं होतं.

३ मार्च, सोमवार

सगळ्या क्रॉन आणि शेड्यूलरच्या नोंदी काढून मासिक, तिमाही, वार्षिक अशा लावल्या आणि प्रत्येकाचा कोड उघडून बाहेरची नावं शोधली. तिमाहीची दोन सापडली, आणि प्रमाणपत्रांचं नूतनीकरण. ते ६० दिवसांनी एकदा चालतं. एप्रिलमध्ये गुपचूप मेलं असतं.

स्क्विडचं नकाराचं पान बदलून त्यात मोठ्या अक्षरांत ‘प्रॉक्सीने अडवलं’ आणि शीटचा पत्ता टाकला. हे पहिल्या दिवशी करायचं काम होतं.

५ मार्च, बुधवार

एका सर्व्हिसचं कनेक्शन अधूनमधून तुटतं. ती बाहेरच्या सेवेशी एक लांब कनेक्शन धरून बसते आणि बराच वेळ गप्प असते. प्रॉक्सींच्या पुढे असलेला नेटवर्क लोड बॅलन्सर ३५० सेकंद शांत राहिलेलं टीसीपी कनेक्शन विसरून जातो, नॅट गेटवेही ३५० लाच. लिनक्सचा कीपअलाइव्ह मुळात ७२०० सेकंदांनी पहिलं पाकीट पाठवतो, म्हणजे दोन तासांनी विचारपूस. तो १२० वर आणला. मिटलं.

१० मार्च, सोमवार

टीएलएस फोडून आतला मार्ग तपासायचा का, यावर चर्चा. स्क्विडला ते येतं. मी विरोधात होतो: मग प्रत्येक मशीनवर आमचं मूळ प्रमाणपत्र, आणि त्याची खासगी किल्ली प्रॉक्सीवर, जिच्या क्रेडेन्शियल्सची गोष्ट गेल्याच महिन्यात पाहिली. ठरलं की फक्त गिटहबला जाणाऱ्या मिररसाठी फोडायचं, बाकी सगळं तसंच पुढे सोडायचं.

१२ मार्च, बुधवार

खासगी सबनेटच्या राउट टेबलमधून ०.०.०.०/० ची, म्हणजे बाकी सगळ्या इंटरनेटकडे नेणारी, ओळ काढली. नॅट आता फक्त प्रॉक्सीच्या सबनेटला. आतापर्यंत प्रॉक्सी विनंतीवर चालत होती, आजपासून सक्तीवर.

एका मशीनवरून कर्लने सहज एक बाहेरची साइट मागितली, प्रॉक्सी न लावता. उघडली.

आयपीव्ही६. तिथली तशीच ::/० ची ओळ एग्रेस-ओन्ली गेटवेकडे जात होती, कोणी कधीतरी प्रयोग म्हणून लावलेली. तीही काढली. सिक्युरिटी ग्रुपमध्येही दोन्ही प्रकारचं बाहेर जाणं आता फक्त प्रॉक्सीच्या पोर्ट ३१२८ कडे आणि आतल्या गरजेच्या पत्त्यांकडे. वेळ जुळवण्याची चिंता होती, कारण एनटीपी यूडीपीवर चालतं आणि प्रॉक्सीतून जात नाही. पण आम्ही आधीपासून १६९.२५४.१६९.१२३ वापरतो, ते घरातच आहे.

१४ मार्च, शुक्रवार

राहिलेली वाट डीएनएसची. नेटवर्कचा स्वतःचा रिझॉल्व्हर सिक्युरिटी ग्रुपच्या कक्षेत येत नाही, त्याला तिथून अडवताच येत नाही. आणि नाव विचारणं हीसुद्धा बाहेर जाणारी माहितीच: चोरलेला मजकूर उपनावात कोंबून हल्लेखोराच्याच डोमेनचं नाव विचारत राहिलं की रिझॉल्व्हर इमानदारीने तो हल्लेखोराच्या नेमसर्व्हरपर्यंत पोहोचवतो. लॉगफोरजेच्या वेळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स अशाच चोरता येत होती, कोड न उतरवता.

आता सर्व्हरना बाहेरची नावं सोडवायची गरज नाही, ते काम प्रॉक्सी करते. म्हणून डीएनएस फायरवॉलमध्ये आतली झोन आणि एंडपॉइंटची नावं सोडून बाकी सगळ्याला रूल लावला. सध्या अलर्टवर, ब्लॉकवर नाही.

संध्याकाळपर्यंत अलर्ट बरेच आले. काही लायब्ररी प्रॉक्सीला देण्याआधी उगाच नाव स्वतः सोडवून बघतात, मग उत्तर फेकून देतात. त्या चार सर्व्हिसेसमध्ये आहेत, मालक सापडले. आणि त्या बंद केलेल्या मॉनिटरिंग सेवेचं नाव अजूनही दर मिनिटाला विचारलं जातंय. विचारणाऱ्याचा मालक मात्र अजून कोणी व्हायला तयार नाही. ३१ तारखेची महिनाअखेर अलर्टवरच जाऊ दे, ब्लॉक १ एप्रिलच्या दुपारी.